बनावट अनुभव प्रमाणपत्र सापडलं तर: परदेशी कर्जावरच्या कामातला तपास आणि बंदी

इंदूरच्या एका तरुण स्थापत्य अभियंत्याने प्रश्न पाठवला आहे. तो सल्लागार कंपनीतर्फे एका पाणीपुरवठा योजनेवर देखरेख करतो. योजना मध्य प्रदेशातल्या एका लहान शहराची, पैसा आशियाई विकास बँकेच्या कर्जाचा. काम ज्या ठेकेदाराला मिळालं त्याने टेंडरला जोडलेलं अनुभव प्रमाणपत्र बनावट असावं, असा त्याला दाट संशय आहे. शिवाय एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, चढवलेली पाइपलाइनची लांबी आणि प्रत्यक्ष जमिनीत गेलेली लांबी यांचा मेळ बसत नाही. तो विचारतो: "काका, तक्रार कुठे करायची? केली तर खरंच काही होतं का? आणि माझं काय होईल?"

योजनेची ओळख पटेल असं सगळं मी गाळलं आहे. तू काका म्हटलंस, म्हणून तुला एकेरीच लिहितो. कर्ज देणाऱ्या बँकांसाठी ठेक्यांची आणि बिलांची तपासणी हेच माझं काम होतं. आता निवृत्त होऊन इंदूरच्याच रामबागेत राहतो.

सगळ्यात आधी तातडीचं. अजून कुणाशीही बोलू नकोस. ठेकेदाराच्या साइट इंजिनीअरशी नाही, तुझ्या टीम लीडरशी नाही, आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. "सर, यात काहीतरी चुकलंय वाटतं" एवढं भाबडेपणाने विचारलं, तरी दोन दिवसांत ती फाइल "भोपाळला गेली आहे" असं ऐकू येतं आणि परत येते तेव्हा पानं बदललेली असतात. आपल्याकडे भ्रष्टाचाराचा तपास म्हटलं की लोकायुक्तांचा ट्रॅप आठवतो: पावडर लावलेल्या नोटा, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेले हात, गुलाबी झालेलं पाणी. बँकांचा तपास तसा चालत नाही. त्यांच्या तपासनिसांना छापा टाकता येत नाही, कुणाला अटक करता येत नाही, फोन टॅप करता येत नाही. त्यांच्या हातात एकच हत्यार असतं, करारातलं तपासणीचं कलम. बँकेच्या पैशातून होणाऱ्या ठेक्यात ठेकेदार, त्याचे उपठेकेदार आणि तुझ्यासारखे सल्लागार यांनी हिशेबाची वह्या-कागदपत्रं बँकेला दाखवायची, हे सही करतानाच मान्य केलेलं असतं. म्हणजे सगळी मदार कागदावर. मूळ कागद नाहीसा झाला की बँकेचा तपासनीस रिकाम्या हाताने परत जातो.

आता ही व्यवस्था समजून घे, म्हणजे तक्रारीतून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, याचा अंदाज येईल.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जागतिक बँक भ्रष्टाचाराचं नावसुद्धा घेत नसे. तो प्रत्येक देशाचा राजकीय प्रश्न, बँकेने त्यात पडू नये, अशी भूमिका होती. १९९६ साली अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी वार्षिक सभेत भ्रष्टाचाराला कॅन्सर म्हटलं आणि तिथून चक्रं फिरली. स्वतंत्र तपास विभाग उभा राहिला, आणि २००७ मध्ये पॉल व्होल्कर समितीच्या अहवालानंतर त्याला उपाध्यक्षाच्या पातळीचा दर्जा मिळाला. आशियाई विकास बँकेचं असं कार्यालय म्हणजे ऑफिस ऑफ अँटीकरप्शन अँड इंटेग्रिटी, बोलताना ओएआय. तुझी तक्रार तिथे जायला हवी. बँकेच्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज आणि ईमेल दोन्ही आहेत.

या बँका पाच प्रकारचं वर्तन बंदीला पात्र मानतात: लाच, फसवणूक, धाकदपटशा, संगनमत आणि तपासात अडथळा. तुझं प्रमाणपत्राचं प्रकरण फसवणुकीत बसतं, आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्या खोट्या कागदामुळेच काम मिळालं, किंवा सरकारचं इतक्या रुपयांचं नुकसान झालं, हे सिद्ध करावं लागत नाही. जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने खोटी माहिती दिली आणि ती फायद्यासाठी होती, एवढं पुरतं. ठेकेदार हमखास म्हणतो, "पण साहेब, काम तर चांगलंच केलं ना!" चांगलं काम हा फारतर बंदी कमी करायला सांगण्याचा मुद्दा, त्याने खोटं खरं होत नाही.

पुराव्याची पातळीही फौजदारी कोर्टापेक्षा वेगळी आहे. कोर्टात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. बँकेत "घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त" इतकं दिसलं की झालं. जागतिक बँकेत तपास विभाग आपलं म्हणणं आधी एका स्वतंत्र अधिकाऱ्यापुढे ठेवतो. त्याला पुरावा पुरेसा वाटला तर तो कंपनीला नोटीस काढतो, शिफारस केलेली बंदी कळवतो आणि निकाल लागेपर्यंत सहसा नव्या कामांसाठी तात्पुरतं निलंबन लागू होतं. कंपनीला उत्तर द्यायला ९० दिवस. उत्तर आलं नाही तर ती बंदी तशीच कायम. आलं तर प्रकरण सात जणांच्या मंडळापुढे जातं, आणि ते सातही जण बँकेच्या नोकरीतले नसतात. बरीच प्रकरणं पहिल्याच पायरीवर मिटतात, कारण कंपन्या उत्तरच देत नाहीत. आशियाई विकास बँकेत पायऱ्यांची नावं वेगळी, मांडणी साधारण तीच: तपास ओएआयचा, निर्णय वेगळ्या समितीचा, त्यावर अपिलाची सोय.

बंदी किती? जागतिक बँकेत नेहमीचं माप तीन वर्षांचं आहे, आणि तीन वर्षं सरली म्हणून दार आपोआप उघडत नाही. कंपनीने आपला कारभार सुधारला, आत नियम आणि देखरेख उभी केली, हे बँकेच्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. प्रकरणाच्या वजनानुसार ही मुदत वाढते किंवा घटते. लेखी ताकीद, अटींवर बंदीतून सूट आणि नुकसानभरपाई हेही पर्याय आहेत.

खरी जरब आली ती ९ एप्रिल २०१० पासून. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आफ्रिकी विकास बँक, युरोपियन पुनर्रचना व विकास बँक आणि इंटर-अमेरिकन विकास बँक या पाच जणींनी त्या दिवशी करार केला: एकीने एक वर्षाहून जास्त काळ जाहीर बंदी घातली, की उरलेल्या चौघींकडेही ती लागू. त्याआधी मनिलाने, म्हणजे आशियाई विकास बँकेने, दार बंद केलं तर ठेकेदार वॉशिंग्टनला जागतिक बँकेचं दार वाजवत असे. बंदी कंपनीच्या ताब्यातल्या इतर कंपन्यांनाही लागते आणि वारस कंपनीलाही, म्हणून नाव बदलून परत येणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. भारतीय कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. सत्यम कॉम्प्युटर्सवर जागतिक बँकेने घातलेली आठ वर्षांची बंदी २००८ च्या अखेरीस जगजाहीर झाली. कारण होतं बँकेच्याच कर्मचाऱ्यांना दिलेले गैरलाभ. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २००९ मध्ये, त्या कंपनीचा हिशेबांचा मोठा घोटाळा बाहेर आला.

तुझा दुसरा प्रश्न होता, खरंच काही होतं का. होतं, पण कुणाला होतं ते नीट बघ. बँकेचा करार कर्ज घेणाऱ्या सरकारशी आणि त्या पैशातून पोट भरणाऱ्या कंपन्यांशी असतो. म्हणून बंदी कंपन्यांवर आणि खासगी व्यक्तींवर येते. ज्या कार्यपालन यंत्र्याने (कार्यकारी अभियंत्याने) प्रमाणपत्राकडे काणाडोळा केला असेल, ज्याने जास्तीची लांबी मंजूर केली असेल, त्याच्यावर बँक बंदी घालू शकत नाही. ती आपले निष्कर्ष सरकारला कळवते आणि थांबते. पुढचं काम आपल्या यंत्रणांचं, आणि तिथे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली घातलेलं कलम १७अ आडवं येतं: अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करायलाच आधी मंजुरी लागते. या अर्ध्यावर थांबण्याचा मला आजही राग येतो. खोटा कागद जोडणारा लहान ठेकेदार सापडतो, कारण खोटा कागद सापडायला सोपा असतो. टक्केवारी रोख जाते, तिची पावती नसते. ती घेणारा पुढच्या योजनेवर बदलून जातो.

सरकारने ठरवलं तर काय होऊ शकतं, हे लेसोथोने दाखवलं. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला चिमुकला देश. तिथल्या मोठ्या धरण प्रकल्पाचे प्रमुख मसुफा सोले यांच्या स्विस खात्यांत परदेशी कंपन्यांचे पैसे आल्याचं उघड झालं. देशाने स्वतः खटला चालवला, २००२ मध्ये सोले यांना दीर्घ कारावास झाला, आणि एकर्स इंटरनॅशनल या कॅनडाच्या कंपनीलाही दोषी ठरवलं. त्याच कंपनीबद्दल पुरेसा पुरावा नाही म्हणून जागतिक बँक आधी थांबली होती. लेसोथोच्या कोर्टाचा निकाल आल्यावर तिने प्रकरण पुन्हा उघडलं आणि २००४ मध्ये तीन वर्षांची बंदी घातली.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारचं आहे, आणि तुझ्यासाठी ते जास्त कामाचं आहे. बांगलादेशातल्या पद्मा पुलासाठी मंजूर केलेलं १२० कोटी डॉलरचं कर्ज जागतिक बँकेने २९ जून २०१२ रोजी रद्द केलं. देखरेखीचा ठेका मिळावा म्हणून एसएनसी-लॅव्हलिन या कॅनडाच्या कंपनीच्या लोकांनी लाचेचा कट रचला, असा आरोप होता. २०१३ मध्ये तडजोडीतून कंपनीच्या शाखेवर आणि तिच्या शंभराहून जास्त संलग्न कंपन्यांवर दहा वर्षांपर्यंतची बंदी आली. पण कॅनडात फौजदारी खटला उभा राहिला तेव्हा फोन टॅपिंगची परवानगी ज्या माहितीवर मिळवली होती ती न्यायाधीशांनी तपासली आणि लिहिलं की त्यात अंदाज, कुजबूज आणि अफवा यापलीकडे काही नाही. टॅप बाद झाले, सरकारी वकिलांकडे दुसरं काही उरलं नाही, आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. बांगलादेशाने पूल स्वतःच्या पैशाने बांधला. तो २०२२ च्या जूनमध्ये सुरू झाला. या प्रकरणातून प्रत्येक जण आपल्याला हवा तो निष्कर्ष काढतो. माझ्या मते घेण्यासारखी गोष्ट एवढीच: खबरी माणसाने ऐकीव गोष्टी आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टी एकत्र कालवल्या, की खरी गोष्टही कोर्टात टिकत नाही.

म्हणून तुझ्या तक्रारीचं आता सविस्तर सांगतो.

आधी पाइपच्या लांबीचं, कारण तिथे तू चुकण्याची शक्यता आहे. पाणीपुरवठ्याच्या ठेक्यांत बिल बहुधा टप्प्यांत निघतं: पाइप साइटवर आला की ठरावीक टक्के, घातला आणि जोडला की आणखी काही, दाबाची चाचणी झाली की पुढचा भाग, रस्ता पूर्ववत केला की उरलेला. त्यामुळे एमबीत दिसणारी जास्तीची लांबी म्हणजे फक्त साइटवर येऊन पडलेला, अजून न घातलेला पाइपही असू शकतो, आणि ते पूर्णपणे नियमात असतं. तुझ्या करारातली पेमेंटची अनुसूची उघड आणि ज्या नोंदीवर तुझा संशय आहे ती कोणत्या टप्प्याची आहे, हे आधी पक्कं कर. नोंद घातलेल्या आणि चाचणी झालेल्या पाइपची असेल, आणि तरी लांबी जुळत नसेल, तर मामला गंभीर आहे.

मग लांबी खरी किती, हे सांगणारे कागद एमबीच्या बाहेर शोधावेत. पाइप कारखान्यातून निघाला त्याचं इनव्हॉइस आणि ई-वे बिल. कारखान्यात तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा अहवाल, ज्यात किती नग पाहिले ते लिहिलेलं असतं. डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडी) पाइपचा एक नग साधारण साडेपाच किंवा सहा मीटरचा. प्रत्येक जोडाला एक रबरी गॅस्केट. गॅस्केट किती आल्या याचा हिशेब ठेकेदार सहसा विसरतो, आणि तिथेच तो सापडतो. रस्ता खोदायची परवानगी नगरपालिकेकडून घेतलेली असते, तिच्यात लांबी लिहिलेली असते. दाबाच्या चाचणीच्या तक्त्यात कोणत्या चेनेजपासून (लाइनच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरापासून) कोणत्या चेनेजपर्यंत, ते असतं. हे कागद चार वेगळ्या कार्यालयांत पडलेले असतात आणि चारही ठिकाणी एकच खोटं लिहून ठेवणं कठीण असतं. आणखी एक बघ: जाड भिंतीच्या के-९ वर्गाच्या पाइपचा पैसा घेऊन पातळ के-७ घातला का. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक भिंतीच्या जाडीत असतो, आणि अल्ट्रासॉनिक गेजने तो उघड्या खड्ड्यात काही मिनिटांत कळतो.

आता प्रमाणपत्र. त्यावरचा फोन नंबर कधीच वापरायचा नाही. तो उचलणारा माणूस ठेकेदाराचाच असतो. ज्या विभागाने ते दिलं असं लिहिलंय, त्याचा पत्ता स्वतंत्रपणे शोधून तिथल्या जावक रजिस्टरमध्ये तो क्रमांक आणि ती तारीख कोणत्या पत्राची आहे, हे पाहावं लागतं. सही करणारा अधिकारी त्या दिवशी त्या पदावर होता का? की महिनाभर आधीच त्याची बदली झाली होती? आणि सगळ्यात पक्की खूण आयकराची. सरकारी विभाग ठेकेदाराचं बिल देताना टीडीएस कापतो आणि तो ठेकेदाराच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे त्याच्या नावे कापलेल्या कराच्या विवरणात, दिसतो. काही कोटींचं काम केल्याचा दाखला आहे आणि त्या वर्षांत त्या विभागाकडून एक रुपयाचाही टीडीएस नाही, तर पुढे फार बोलायची गरज उरत नाही. उलाढालीच्या दाखल्यावर चार्टर्ड अकाउंटंटचा यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असायला हवा. १ फेब्रुवारी २०१९ पासून अशा दाखल्यांना तो सक्तीचा आहे आणि अकाउंटंटांच्या संस्थेच्या पोर्टलवर तो कुणालाही तपासता येतो. हे एवढं तू घरी बसून करू शकतोस. बाकीचं करायला जाऊ नकोस. दुसऱ्या विभागात जाऊन रजिस्टर मागितलंस तर संध्याकाळपर्यंत बातमी ठेकेदाराकडे पोचेल. २६एएस मागायचा हक्क बँकेला आहे, तुला नाही. कोणता कागद मागवला तर गोष्ट उलगडेल, एवढं तू तक्रारीत लिहून दे. तपासनिसाला त्याहून मोठी मदत नसते.

हारलेल्या बोलीदारांकडेही एक नजर टाक, जर बोलींच्या मूल्यमापनाचे कागद कामाच्या ओघात तुझ्यासमोर येत असतील तर. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत स्पेलिंगची तीच चूक, एकाच बँक शाखेतून लागोपाठच्या क्रमांकाच्या हमी, सगळ्या बाबींचे दर एका ठरावीक टक्क्याने जास्त, आणि काम सुरू झाल्यावर हारलेलाच उपठेकेदार म्हणून साइटवर, अशा खुणा एकत्र आल्या की संगनमताचा वास येतो. नुसत्या पोर्टलवर विसंबून राहता येत नाही. आपल्याच मध्य प्रदेशात ई-टेंडर पोर्टलवर बोलींमध्ये छेडछाड झाल्याचा आरोप २०१८ मध्ये पुढे आला आणि २०१९ मध्ये राज्याच्या आर्थिक अपराध प्रकोष्ठाने (आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या यंत्रणेने) त्यावर गुन्हा नोंदवला.

तक्रार दोन-तीन पानांची पुरे. योजनेचं आणि ठेक्याचं नाव, क्रमांक, तारखा. मी स्वतः काय पाहिलं, हा एक भाग. मला दुसऱ्याने काय सांगितलं, कोणी आणि कधी, हा पूर्ण वेगळा भाग. मला काय वाटतं, हे शेवटी दोन ओळींत, आणि ते मत आहे असं स्पष्ट लिहून. कागद कुठे आहेत ते लिही. मूळ प्रती उचलू नकोस, कपाटं उघडू नकोस, कंपनीच्या सर्व्हरवरून ढिगाने फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. जे कागद कामाच्या ओघात तुझ्या हातात येतात त्यांच्या नोंदी तारखेनिशी घरच्या वहीत ठेव. तक्रार घरच्या फोनवरून, वेगळ्या ईमेल खात्यातून कर. निनावी तक्रार चालते, पण तपासनिसाला प्रश्न विचारायला रस्ता लागतो. ते खाते उघडून पाहत राहिलं नाहीस तर बहुतेक तक्रारी तिथेच मरतात. नाव सांगून गोपनीयता मागणं हाही मार्ग आहे, आणि माझ्या अनुभवात अशाच तक्रारी जास्त दूर जातात.

राज्यातल्या अधिकाऱ्याविरुद्ध काही हातात असेल तर लोकायुक्त किंवा आर्थिक अपराध प्रकोष्ठ. लोकायुक्तांकडच्या तक्रारीला शपथपत्र लागतं, म्हणजे नाव उघड करूनच जावं लागतं. ते पाऊल बँकेच्या तक्रारीनंतर, वकिलाशी बोलून टाक. दोन्हीकडे एकदम गेलास तर पोलिसांची नोटीस आधी पोचते आणि बँकेचा माणूस येईपर्यंत सगळे सावध झालेले असतात.

आणि तुझं काय होईल? इथे मी तुला खोटा धीर देणार नाही. सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे अभियंते. बिहारमध्ये सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि तरी ते पत्र त्यांच्या नावासकट टेबलाटेबलावरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. त्यांनी दाखवून दिलेल्या गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्यांचं नाव राखणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते राखलं नाही. हे मी कधी विसरत नाही. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने खबर देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढला आणि केंद्रीय दक्षता आयोगाला ते काम दिलं, पण तो केंद्राच्या कक्षेतल्या संस्थांपुरता. २०१४ चा कायदा संसदेत मंजूर झाला आणि आजवर अंमलात आलेला नाही. मध्य प्रदेशातल्या राज्य योजनेवर, खासगी सल्लागार कंपनीत असलेल्या तुझ्यासारख्याला आपला कायदा आज फारसं काही देत नाही. बँक सूडाविरुद्ध बोलू शकते, तुझं नाव लपवू शकते, पण इंदुरातल्या तुझ्या घराबाहेर पहारा ठेवू शकत नाही. म्हणून गुप्तता तू स्वतः राखायची. घरात एका विश्वासू माणसाला सगळं सांगून ठेव. बाकी कुणालाही नाही, जवळच्या मित्रालाही नाही.

पण गप्प बसलास तर तू सुरक्षित राहशील, हाही समज काढून टाक. ते बिल तुझ्या कंपनीने प्रमाणित केलं आहे. देखरेख सल्लागारावरही बंदी येते, आणि सही करणाऱ्या माणसावर व्यक्तिशः येऊ शकते. भारतातल्या आरोग्य प्रकल्पांची जागतिक बँकेने केलेली तपासणी २००८ च्या जानेवारीत जाहीर झाली. ओडिशात पाहिलेल्या ५५ रुग्णालयांपैकी ९३ टक्के ठिकाणी दोष होते: गळती छपरं, ढासळणारे स्लॅब, न चालणारं पाणी आणि वीज. आणि त्यातली कितीतरी कामं सल्लागारांनी नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचं प्रमाणित केलं होतं. तुझ्या कंपनीतले वरचे लोक यात नसतील तर त्यांनाही एक मार्ग आहे: बँकेने पकडण्याआधी स्वतःहून सांगितलं तर बंदी सौम्य होते, कधी कधी टळतेही. पण ते आहेत की नाहीत, हे तुला आज माहीत नाही. म्हणून आधी बँक.

हे सगळं कशासाठी, असं तुझ्या मनात येईल. सत्तरच्या दशकात नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदा इंदूरला आली, तिचा तिसरा टप्पा आशियाई विकास बँकेच्याच कर्जातून झाला. भोपाळ, ग्वाल्हेर, जबलपूर आणि इंदूर या चार शहरांसाठी २००३ साली २० कोटी डॉलर मंजूर झाले होते. हा पैसा दान नसतो. २००५ पासून अशी कर्जं केंद्र जशीच्या तशी राज्याच्या माथी देतं, डॉलर महाग झाला तर तो भारही राज्याचाच. जो पाइप जमिनीत गेलाच नाही, त्याचे हप्ते तुझ्या त्या लहान शहरातली बाईसुद्धा भरत राहणार, आणि टँकरच्या रांगेतही तीच उभी राहणार. बँकेने ठेका नियमबाह्य ठरवून तेवढं कर्ज रद्द केलं, तर तो खड्डा भोपाळच्या तिजोरीला भरावा लागतो. चोरी करणाऱ्याच्या खिशातून तो क्वचितच भरला जातो. नुकसानभरपाईची सोय नियमात आहे, वापर फार कमी. ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे आणि ती बदलावी म्हणून आपण बोलत राहिलं पाहिजे.

पुढचं आरए बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, तुझ्यासमोर येईल तेव्हा काय करायचं, एवढंच राहिलं. नकार देऊन भांडण उभं करू नकोस. तू स्वतः मोजलेल्या चेनेजपुरतीच लांबी लिही, बाकीच्या नोंदीपुढे "संयुक्त मोजणी झालेली नाही, चाचणीचा तक्ता जोडावा" असं लिहून तारीख टाक आणि सही कर. ही रोजची तांत्रिक शेरेबाजी आहे, तिने कुणी दचकत नाही. वरून दबाव आला तर तोंडी हो म्हणू नकोस. "लेखी द्या, मी करतो" इतकंच म्हण, आणि कोण, कधी, काय म्हणालं ते त्याच रात्री वहीत उतरव. तक्रार त्या बिलाच्या आधी पोचली तर उत्तम. म्हणून या आठवड्यातच बसून लिही.